वरच्या माणसांचा भोपळा

"घालतोस सुरी, की खालच्या मुस्तफाभाईंना बोलावू?" आई म्हणाली आणि माझं डोकंच सटकलं.

"बोलाव ना! सगळ्या बिल्डिंगला बोलाव! एक भाजी कापायला मीटिंग भरव!"

"दादा, ती भाजी नाही, प्रॉप आहे," पूर्वा मध्येच.

"तू गप गं."

"तिच्यावर कशाला ओरडतोस? सकाळपासून पोरगी तुझ्या तोंडाकडे बघत बसलीय. एक घाव घालायचा रे, एक. पुढचं सगळं मी करते म्हटलं ना?"

"मग पहिला पण तूच घाल. हात नाहीत तुला?"

आईने सुरी उचलली, गाऊनला पुसली आणि परत भोपळ्याशेजारी ठेवली, मूठ माझ्याकडे करून. हे तिचं नेहमीचं. भांडण हरायला लागली की ती वस्तूंना बोलायला लावते. ताट आपटत नाही, हळूच ठेवते, आणि ते जास्त लागतं. मी सुरीकडे बघितलंच नाही. दाराजवळ माझी बॅग उभी होती, चेन लावलेली, वरून पप्पांनी दोरी गुंडाळलेली, जसं काय आतून कुणी पळून जाणार होतं. आत माझे कपडे कमी आणि आत्यासाठी दूध पावडर, खजूर, बामच्या बाटल्या जास्त. संध्याकाळी पप्पा खाबुऱ्याहून येणार, मला एअरपोर्टला सोडणार, आणि मी रात्रीच्या विमानाने गावाला. हे सगळं ठरलेलं. भोपळ्याचं तेवढं ठरलं नव्हतं.

भोपळा ओट्यावर बसलेला, गॅसच्या बाजूला, केशरी, फुगलेला, देठ शेंडीसारखा वाकडा. आमच्या घरात अख्खा भोपळा पहिल्यांदाच आला होता. एरवी आई फोड आणते, प्लास्टिक गुंडाळलेली, आतून बिया दिसणारी. मला इतकी वर्षं वाटायचं, अख्खा संपत नाही म्हणून. ते कारण नव्हतंच. फोड म्हणजे दुकानातल्या कुणा बाप्याने आधीच कापलेला, पहिला घाव झालेला. आमच्याकडे भोपळा म्हणजे घरातला थोरला मुलगा मानतात. बाईने त्यावर पहिली सुरी चालवायची नाही. पुरुषाने एकदा टोक खुपसलं की मग बाईने काय वाटेल ते करावं, चिरावं, किसावं, घारगे करावेत. आणि आमचा पुरुष आठवडाभर मस्कतपासून लांब, खाबुऱ्याला, भाज्यांच्या कोल्डरूमची मशिनं बघतो. गुरुवारी संध्याकाळी येतो, शनिवारी परत. म्हणून फोड. कापलेली वस्तू आणायची म्हणजे कुणाची गरज लागत नाही. हे मला आजच कळलं, आणि कळल्यावर वाईट वाटायच्या ऐवजी राग आला. मला आधी रागच येतो. बाकीचं मागून येतं, कधी येतही नाही.

"थोरला मुलगा म्हणजे मी ना?" मी म्हटलं. "म्हणजे मीच मला कापू?"

"मग दुसरं कोण कापणार?" आई म्हणाली. सरळ म्हणाली. तिला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

सगळी भानगड पूर्वाच्या चिठ्ठीने झाली. तिच्या शाळेत प्रत्येकाने चिठ्ठी उचलायची होती, विषय एकच, अंतराळात राहणारी माणसं सण कसे साजरे करतात. कुणाला दिवाळी आली, कुणाला ख्रिसमस, हिला आला हॅलोवीन. आई म्हणाली, भुताखेतांचं कशाला, बदलून घे. मॅडम म्हणाल्या, नो चेंजिंग. मग मी आणि पूर्वाने फोनवर व्हिडिओ शोधले, कारण दिवसभर घरात मीच असतो आणि मला काय काम. बघितलं. मोठी माणसं, शिकलेली, तिथे त्या नळकांड्यात चित्रविचित्र कपडे घालून तरंगतायत. एकीचे केस चारी बाजूंना उभे, तिला चेटकीण व्हायला वेगळं काही करावंच लागत नव्हतं. एकाने पाठीला लाल कापड बांधलेलं, पण ते कापड पाठीवर पडतच नव्हतं, मागे कुणीतरी धरून ठेवल्यासारखं हवेत ताठ. एकाने गोळ्या सोडल्या, त्या हवेतच तरंगत राहिल्या आणि दुसऱ्याने मान पुढे काढून माशासारखी एकेक तोंडात घेतली. पूर्वा हसून हसून गादीवर आडवी. मी त्यांचे पाय बघत होतो. व्हिडिओत कुणी पाय बघत नाही. सगळ्यांनी मोजे घातलेले, आणि प्रत्येकाने पाय भिंतीवरच्या एका दांडीखाली अडकवलेले. वर हसतायत, टाळ्या वाजवतायत, खाली पाय दांडी सोडत नाहीत. मग मी वाचलं, तिथे राहून राहून त्यांच्या तळव्यांची कातडी बाळासारखी मऊ होते आणि घट्टे पडतात ते पावलांच्या वरच्या बाजूला, जिथे दांडी घासते. हे मला सांगायचं होतं कुणालातरी. पूर्वाला सांगितलं तर ती म्हणाली, ईऽऽ, हे मी नाही लिहिणार.

आणि दार कुठलं वाजवणार? हॅलोवीनला पोरं दारोदार जातात, ओळखा मी कोण म्हणतात. तिथे शेजारी कोण? तीच चार-सहा माणसं, तोच डबा. तू चेटकीण होऊन आलीस, पण सकाळी माझ्यासमोरच दात घासत होतीस ना. तरी ते वेश करतात. तरी एकमेकांना ओळखलं नाही असं दाखवतात. मला तो आधी येडेपणा वाटला, आणि मग गुरुवारचे पप्पा आठवले. खाबुऱ्याहून येतात तेव्हा खालीच गाडीत शर्ट बदलतात. मी गच्चीवरून बघितलंय. ग्रीसचा काढतात, इस्त्रीचा घालतात, केस विंचरतात आणि मग वर येऊन स्वतःच्याच घराची बेल वाजवतात. चावी असून. आई दार उघडते आणि म्हणते, "अगंबाई, आलात?" दर आठवड्याला. जसं काय तिने त्यांची गाडी ओळखली नव्हती.

दारोदार म्हटल्यावर मला शेवंतीकाकी आठवायला नको होती, पण आठवली. गावाला आत्याकडे गेलेलो, लहान होतो, पूर्वा झालीसुद्धा नव्हती. मे महिना, वाडीत कुणाच्या तरी लग्नाचं जेवण, त्याला भोपळ्याची भाजी ठरलेली, आणि घरोघरी माळ्यावर ठेवलेले भोपळे खाली निघालेले. पण वाडीत कापायला पुरुषमाणूस नाही. कुणी मुंबईला, कुणी दुबईला, कुणी बोटीवर. लग्नाचे म्हणून येणारे उद्या येणार, भाजी आज चिरायची. तर कुणीतरी म्हणालं, अगो, सुगंधाचा झील आलाय ना, ओमानचा? सुगंधा म्हणजे आई, तिचा मुलगा मी. झालं. मला दारोदार नेलं. प्रत्येक घरी भोपळा पाटावर ठेवलेला, बाजूला विळी. मला विळीवर बसता येत नव्हतं म्हणून सुरी हातात द्यायचे, वरून कुणीतरी बाई माझं मनगट धरायची, पण सुरीला हात लागू द्यायची नाही. टोक आत गेलं की सगळ्या म्हणायच्या, झाला हात! आणि मला गूळखोबरं मिळायचं, एके ठिकाणी श्रीखंडाची गोळी. माझे खिसे चिकट झालेले. मी राजा होतो. एवढा मोठा मी परत कधीच झालो नाही, खरंच सांगतो. माझ्याशिवाय लग्नाची भाजी होत नव्हती.

शेवटचं घर शेवंतीकाकीचं. तिचा भोपळा सगळ्यात मोठा, राखाडी झाक आलेला. आत्या म्हणाली, वहिनी, हा गेल्या वर्षीचा ना गो? ती म्हणाली, माझ्या झिलासाठी, दिनूसाठी ठेवलेला, तो येईल म्हणाला होता गणपतीला, मग शिमग्याला. आता काप तूच बाबा. मी सुरी लावली. वरून एकदम टणक, ढकलावी लागली. आणि मग एकाएकी आत काहीच नाही, सुरी मुठीपर्यंत गेली, आणि काळं पाणी बाहेर आलं. वास असा की मी ओकलो. शेवंतीकाकी ओरडली नाही. तिने फडकं घेतलं आणि माझे हात पुसत बसली, एकेक बोट, आणि म्हणत होती, वरसून काय कळणार, वरसून चांगलाच होता. तिने मला गूळ दिला. मी तो रस्त्यात टाकला.

हे आईला माहीत नाही. आई तेव्हा मांडवात होती.

तर काल शुक्रवारी मुस्तफाचाचांच्या पिकअपमधून मी अल मवालेहच्या मार्केटला गेलो आणि भोपळा आणला. पप्पा त्याच्या आधीच, पहाटे, मशीन बिघडल्याचा फोन आला म्हणून खाबुऱ्याला परत गेलेले. चाचांचं दुकान आहे, ते माल भरायला जातातच. मुरुडचे, आमच्या खालच्या मजल्यावर राहतात, भोपळ्यावर बोटं वाजवून ऐकतात डॉक्टरसारखे. "हा घे. हा बोलतो," म्हणाले. येताना भोपळा माझ्या मांडीवर. सीटबेल्ट त्याच्यावरूनच लावलेला. चाचा गाडी चालवता चालवता म्हणाले, "उद्या जाणार म्हणे तू?" मी हो म्हटलं. "चांगला आहे. गावात हवा चांगली." हवा! सगळे हवेबद्दल बोलतात. दहावी बाहेरून देणार, सतरा नंबरचा फॉर्म भरून, आत्याकडे राहणार, मग आयटीआय. हे सगळं पप्पांनी फोनवर ठरवलं, खाबुऱ्याहून, मागे मशीन घुर्रघुर्र चालू. मी म्हटलं मला नाही जायचं. ते म्हणाले, "मग काय करणारेस? इथे घरात बसून भिंती मोजणारेस? खलास, तिकीट काढलंय." ओरडले पण नाहीत. दमलेले होते.

सगळ्यांना कारण हवं असतं. शाळा का सोडलीस? कुणी मारलं? मुलगी? नशा? काही झालं नव्हतं, आणि तेच कुणाला पटत नाही. गणिताचा पेपर चालू होता, मला येत होतं त्यातलं बरंच. एसीचा एक पत्रा थरथरत होता. पुढच्या मुलाची मान दिसत होती, नुकतेच केस कापलेली, निळसर. आणि मला एकदम वाटलं की मी इथे बसलेलो नाहीये. कुणीतरी बसलंय, त्याचा हात लिहितोय, आणि मी नुसता बघतोय. मी उठलो. पेपर नीट घडी करून ठेवला. गेटवरच्या वॉचमनला वाटलं घरून कुणी न्यायला आलंय, त्याने दार उघडून दिलं. बाहेर एवढं ऊन की सगळं पांढरं. मी चालत सुटलो. आईने विचारलं, "नाव अजिंक्य आणि पेपरातून पळून येतोस?" मी दरवाजा आपटला. परत गेलोच नाही. त्या दिवसापासून मी पडतोय असं मला वाटतं. कुठेतरी आपटणार, मोठा आवाज होणार, सगळे धावत येणार. आवाज होतच नाही. आणि मग मला कळलं की ते वरचे लोक तरंगत नसतात, ते पडतच असतात. सारखे. फक्त पुढे इतक्या जोरात जातात की जमीन खालून वळत जाते आणि सापडत नाही. पडण्याचं दुखत नाही. पाय टेकत नाहीत त्याचं होतं काहीतरी.

सकाळी सुरीची मूठ माझ्याकडे करून ठेवल्यावर मी चपला घालून बाहेरच पडलो. "जा, जा," आई म्हणाली, "तेवढंच येतं." आमच्या माबेल्यात चालायला काही नाही. अर्धवट बांधलेले व्हिला, मध्ये रेतीचे प्लॉट, प्लॉटमध्ये वाऱ्याने उडून काटेरी झुडपाला अडकलेल्या पिशव्या. शनिवार असला की गाड्या धुणं चालू असतं, रस्त्यावर साबणाचे ओघळ. ऑक्टोबर संपत आला तरी दुपारी टाळू तापते. मी एका राऊंडअबाऊटला आलो आणि का कुणास ठाऊक, त्याच्या भोवतीच चालत राहिलो. एक गाडी थांबली, आत पांढरा पायघोळ डिशडाशा घातलेला म्हातारा, म्हणाला हरवलास का, कुठे सोडू. मी शुकरन म्हटलं, नको म्हटलं. चालत राहिलो. डोक्यात मुस्तफाचाचा. मुस्तफाभाईंना बोलावू? म्हणजे इतकं सोपं आहे ते. मी गेलो की उद्या दुसरा हात. या घरात माझ्या नावावर उरलेलं एकच काम, सुरीचं टोक खुपसायचं, आणि ते पण खालच्या मजल्यावरचा माणूस करू शकतो, बोटं वाजवून. आणि मीच केलं तर? तर ते पण संपलं. मग नुसती बॅग उरली. मी भोपळा कापत नव्हतो ते यासाठी. हे मला तिथे चालता चालता कळलं आणि मी रस्त्यावरचा दगड लाथेने उडवला, तो एका गाडीच्या टायरला लागला आणि मी पळालो.

जिन्यात खैरुन्निसाखाला. मुस्तफाचाचांच्या बायको. पिशव्या घेऊन दम खात बसलेल्या पायरीवर. "काय रे, सकाळपासून तुझा आवाज येतंय. आमच्या घरात टीव्ही लावायची गरजच नाय."

मी पिशव्या उचलल्या. "चाचा घरी आहेत?"

"हायत ना. झोपलेत. का?"

"आईने बोलावलंय त्यांना. भोपळा कापायला."

"तुझी आई?" त्या हसल्या, मग खोकल्या. "अरे सकाळी मीच म्हटलं तिला, पोऱ्या ऐकत नसेल तर आमच्या ह्यांना पाठवते, नायतर मीच देते घाव घालून, आमच्यात नाय असला काय. तर तिने माझ्यावरच डोळे काढले. म्हणाली, माझा मुलगा घरात असताना दुसऱ्या कुणाचा हात नको भाभी. नाय कापला तर नाय कापला." त्यांनी दाराला चावी लावली. "आणि तुला काय सांगते, मुस्तफाला बोलावते? काय गो बाई. ठेव तिकडे. दूध पिशवी खाली नको ठेवू, फुटंल."

मी पिशव्या ठेवल्या. पुढचा जिना मी चढलो की नाही मला आठवत नाही, मी एकदम दारातच होतो.

आत पूर्वा टेबलावर उभी, डोक्यावर पांढरी बादली, आईच्या ओव्हनचे हातमोजे, पोटावर चांदीच्या कागदाचे चौकोन. भोपळा खुर्चीवर. त्याच्यावर काळ्या मार्करने तोंड काढलेलं, पण उलटं. डोळे खाली, दात वर. "दादा, तिथे वर-खाली नसते ना," ती बादलीतून म्हणाली. "सो उलटा पण चालतो. आणि मी डिसाइड केलं, कापायचाच नाही."

"का?"

"ते लोक कसे कापणार? बिया सगळीकडे फ्लोट करतील. मशीनमध्ये जातील. कॅन्डल पण नाही लावत. म्हणून ते नुसता चेहरा काढतात, मी तसं सांगणार. इट्स मोर सायंटिफिक."

मी बघतच राहिलो. दोन दिवस सगळ्या घराने भांडण केलं आणि हिने मार्करने सोडवलं. आई ओट्यापाशी उभी राहून माझ्या वाटेसाठी पोळ्या गुंडाळत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बरंच झालं. घाव नसला की टिकतो. देठ शाबूत आहे त्याचा. मे महिन्यापर्यंत राहील आरामात. परीक्षा देऊन आलास की तूच काप. तोवर कुणी हात लावायचा नाही त्याला."

तिचा आवाज चांगला होता. सकाळच्यासारखा नव्हता. आणि मला दिसलं, अगदी समोर दिसलं. भोपळा कोपऱ्यात, फ्रिजच्या बाजूला, पूर्वाचं ते उलटं तोंड त्याच्यावर, मार्कर पुसट झालेला. आई रोज त्याच्याखालची धूळ पुसणार. बोट वाजवून बघणार, जमत नसलं तरी. गुरुवारी पप्पांना सांगणार, हात नका लावू, तो अजिंक्यचा. मे आला, माझं काही जमलं नाही, मी म्हटलं गणपतीनंतर येतो. मग शिमग्याला येतो. वरून एकदम चांगला.

"आणि मी नाही आलो तर?" मी म्हटलं.

"का नाही येणार?"

"नाहीच आलो तर गं?"

"उगाच काहीतरी बोलू नको जायच्या दिवशी. पाय हलवू नको उभ्या उभ्या, दळिद्र येतं."

माझा पाय हलत होता. मला माहीत नव्हतं. मी ओट्यावरची सुरी घेतली. पूर्वा बादलीतून ओरडली, "दादा, नोऽऽ! माझा फेस!" मी खुर्चीपुढे गुडघ्यावर बसलो, तिच्या तोंडाच्या बाजूला, जिथे कान असतात तिथे, टोक लावलं. लागेना. साल घसरत होती. मी तळवा मुठीवर ठेवून दाबलं, दात आवळून, आणि त्या सेकंदाला माझी छाती अशी वाजत होती की सुरीतून भोपळ्यात जात असेल. आत काय आहे ते मला माहीत नव्हतं. कुणालाच नसतं. सुरी अडली, वाकली, आणि आईचा हात माझ्या हातावर आला. कधी आली जवळ ते कळलं नाही. पोळीच्या पिठाचा, गरम, जोरात आला, दाबायला आला. मग तिच्या लक्षात आलं आणि चटका बसल्यासारखा मागे गेला. पण मनगटावर राहिला. सुरीला लागू न देता तिने माझं मनगट धरून ठेवलं. आणि कर्रर्र करत टोक आत गेलं.

घट्ट होता. आत घट्ट होता, पूर्ण. सुरी काढली तर पातं केशरी, ओलं, आणि काकडीसारखा, पावसाळी गवतासारखा वास आला. आईने दीर्घ श्वास घेतला. मी पण घेतला. एक थेंब सालीवरून ओघळला आणि पूर्वाच्या काढलेल्या डोळ्यापर्यंत गेला.

"झाला हात," मी म्हटलं. "आता तू काप. उद्या हिचं झालं की काप, परवा काप, घारगे कर. ठेवायचा नाही. कुणासाठी ठेवायचा नाही कळलं? आणि यापुढे अख्खा आणायचा असला तर कापूनच..." पुढे काय म्हणायचं ते सापडेना. यापुढे परत फोडच आणायची ना तिला. मी काय मोठं केलं होतं?

आईने सुरी घेतली, धुतली, पुसली, ड्रॉवरमध्ये ठेवली. यावेळी मूठ कुणाकडेच नव्हती. "गूळ काढू का तुला?" ती पाठमोरीच म्हणाली. मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. तिला कसं माहीत? की माहीत नव्हतं, सहज म्हणाली, सगळ्यांच्या आया म्हणतात तसं. मी विचारलं नाही. तिने वाटीत गुळाचा खडा दिला आणि मी तो तोंडात टाकला, तसाच, न चावता.

पूर्वा तोपर्यंत रडून घेऊन, बादली काढून, पप्पांच्या पेटीतली ती राखाडी टेप घेऊन आली. दातांनी तोडली आणि भोपळ्याच्या घावावर चिकटवली. वरून अजून एक पट्टी, आडवी. "स्पेस स्टेशनवर सगळं टेपनेच चिकटवतात," नाक ओढत म्हणाली. "आता तो पण ॲस्ट्रोनॉट आहे. ॲक्सिडेंट झालेला." मग माझ्याकडे बघून, "तू खूप वाईट आहेस. खरंच जाणारेस?"

"हो."

"मग माझा व्हिडिओ पाठवणार मी. बघायचा. पूर्ण बघायचा, पुढे नाही ढकलायचं."

मी हे गच्चीवर बसून फोनमध्ये लिहितोय. टाकीच्या सावलीत. बॅग खाली दारातच आहे. ॲपमध्ये दाखवतंय, अंधार पडताना ते स्टेशन मस्कतवरून जाणार, वायव्येकडून. लुकलुकत नाही, सरळ जातं, एखादा दिवा कुणी हातात धरून घाईने चाललंय असं. मी आधी दोनदा बघितलंय. आत्ता आत कुणीतरी केस मोकळे सोडून चेटकीण झालं असेल, कुणीतरी ओळखलं नाही असं दाखवत असेल, सगळ्यांचे पाय दांडीखाली. त्यांना खाली माबेला दिसतं का? दिव्यांचे चौकोन दिसत असतील, मग काळा समुद्र. आमची गच्ची नसणार दिसत. नको दिसू दे. उतरल्यावर म्हणे त्यांना उभं राहता येत नाही. उचलून खुर्चीत ठेवतात. तळवे मऊ झालेले ना. मग हळूहळू चालायला शिकतात, जमीन टोचते म्हणतात. गावाला अंगणात मी अनवाणी चालणार आहे पहिल्या दिवशी. आत्या ओरडली तरी.

आई कपडे काढायला आली मघाशी. सगळे कपडे काढून झाले, खांद्यावर घेतले, तरी गेली नाही. "कुठे दिसणार तुझं ते?" म्हणाली. मी हाताने दाखवलं. ती उभी आहे अजून, पप्पांचा इस्त्री न केलेला शर्ट तिच्या खांद्यावर, मान वर, आणि बघतेय भलत्याच बाजूला, समुद्राकडे. तिला वाटतंय मी फोनमध्ये वेळ बघतोय.

"भाजी की घारगे?" ती वर बघतच विचारते.

"घारगे."

"तू कुठे खाणारेस?"

"व्हिडिओ पाठव. पूर्ण."

ती हसली. खाली गाडी आली. हॉर्न एकदा, मग पप्पांचा आवाज, "अजिंक्य! यल्ला, चल!" आज त्यांनी शर्ट बदलला नसणार, वेळच नाही झालाय. "आला होऽऽ," आई कठड्यावरून ओरडली आणि परत वर बघायला लागली, त्याच चुकीच्या बाजूला. तिला सांगायला पाहिजे, आई, तिकडे नाही, इकडे, घरांच्या वरून येईल, थांब जरा, अजून थोडा... नाही. परत हॉर्न. मला निघायला पाहिजे आता.